आपल्या सहीची जबाबदारी

(संस्थेने नायगाव येथे भरविलेल्या स्वयंरोजगार मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला विमा या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की विमा म्हटला की अर्धे लोक उठून चहाला जातात. एका सरकारी विमा कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीत माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, त्यातली बरीचशी दाव्यांच्या खात्यात. त्यामुळे माझ्यासमोरून लोक कसे उठून जातात हे मला चांगले ठाऊक आहे. आज आयुर्विमा, मेडिक्लेम, गाडीचा विमा यांतले काहीच मी बोलणार नाही. आपल्या भागातले जे तरुण आता स्वतःच्या सहीवर पोट भरतात, त्यांच्या कामाच्या विम्याबद्दल बोलणार आहे. इंग्रजीत त्याला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात. आपण त्याला व्यावसायिक चुकीचा विमा म्हणू.

सल्ला विकून पोट भरण्याचा धंदा आपल्याला नवा नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला परतले. तेव्हा त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी छोटी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, विषयही त्यांच्याच अभ्यासाचा. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले आणि ती येईनाशी झाली. पेढी बंद पडली. पुढे सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, परदेशातले शिक्षण आणि १९२३ पासून वकिली. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉयांच्या हिशेबशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत. आज आपल्यातले जे हिशेबतपासनीस आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. करार म्हणजे काय, जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे इथल्या मुलांना शिकवणारा मास्तर आपल्या घरातला होता.

आता आपल्या वस्तीकडे या. नायगाव, परळ, लालबाग, डिलाईल रोड इथल्या चाळींतली आपली माणसे गिरणीत होती, गोदीत होती, रेल्वेत होती, महानगरपालिकेत होती. माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते रजिस्टरावर अंगठा उठवीत. गिरणीत चूक झाली तर ती कामगाराच्याच अंगावर यायची, बोट जायचे, हात जायचा. त्यासाठी १९२३ चा भरपाईचा कायदा होता. मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना प्रा. अदारकर यांच्याकडून आरोग्य विम्याची योजना करवून घेतली गेली आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. परळचे महात्मा गांधी रुग्णालय आपण सगळे ‘ईएसआयचे’ म्हणून ओळखतो, ते त्याच कायद्याचे फळ. त्या वेळी विमा कामगाराला शोधत यायचा. पगारातून कापला जायचा, त्याला काही विचारावे लागत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. पुढचे मी सांगायला नको. गिरणी गेली आणि मुले दुसऱ्या वाटेने गेली. आज या सभागृहात मला चार्टर्ड अकाउंटंट दिसतात, जीएसटीची कामे करणारे दिसतात, दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत, इमारतींची तपासणी करणारे अभियंते आहेत, बोधगया-लुंबिनीच्या सहली नेणारे आहेत, कागदपत्रांची भाषांतरे करणाऱ्या दोन भगिनी आहेत, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे तर प्रत्येक नाक्यावर आहेत. बापाचा अंगठा होता, मुलाची सही आहे, आणि त्या सहीवर दुसऱ्याचे काम अडलेले असते. फरक एवढाच, की मुलाची चूक त्याच्या स्वतःच्या बोटावर येत नाही. ती समोरच्या गिऱ्हाइकावर जाते, आणि त्या गिऱ्हाइकाचा विमा कोणी पगारातून कापलेला नसतो.

दुकानाला आग लागली तर आगीचा विमा आहे, संगणक चोरीला गेला तर चोरीचा आहे. पण तुमच्या हातून एखादी तारीख चुकली, आकडा चुकला, निदान चुकले, नकाशातले माप चुकले, आणि त्यामुळे गिऱ्हाइकाचे नुकसान झाले, तर त्या नुकसानीची कायदेशीर जबाबदारी या दोन्ही पॉलिसींत येत नाही. ती येते व्यावसायिक चुकीच्या पॉलिसीत. गिऱ्हाइकाला द्यावी लागणारी भरपाई आणि कोर्टकचेरीचा खर्च, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, कंपनी भरते.

“आपल्यावर दावा कोण करणार? सगळी आपलीच माणसे,” असे मला नेहमी ऐकवतात. आपली माणसे दावा करीत नाहीत हे काही अंशी खरे आहे. ती काय करतात? बोलणे बंद करतात. विहारात आली तर दुसऱ्या बाजूला बसतात. लग्नाचे आमंत्रण येत नाही. नुकसान तसेच राहते आणि नातेही जाते. मला विचाराल तर दावा परवडला. आणि आता गिऱ्हाईकही केवळ आपले राहिलेले नाही, हे चांगलेच झाले आहे. गिरगावातला व्यापारी, दादरचा दुकानदार आपल्या मुलाकडे कागद घेऊन येतो. तो दावा करतो.

कायद्यानेही दार उघडून ठेवले आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. डॉक्टर मंडळी म्हणत होती की आम्हाला तो लागू नाही. १३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला की पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवाच आहे आणि रुग्ण हा ग्राहक आहे. त्यानंतर आमच्या खात्यात डॉक्टरांच्या प्रस्तावपत्रांचा ढीग पडला होता, तो मला अजून आठवतो. जुन्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना मात्र या कायद्यातून बाहेर ठेवले. वकील बंधूंनी त्यावर फार हुरळून जाऊ नये, दिवाणी कोर्टाचा रस्ता त्यांच्या अशिलाला मोकळाच आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईचे ग्राहक मंच बरीच वर्षे परळला पुरवठा भवनात बसत, म्हणजे त्याच महात्मा गांधी रुग्णालयाच्या शेजारी. एका रस्त्यावर कामगाराचा विमा आणि ग्राहकाची तक्रार. आमच्या खात्यातले लोक तारखेला तिथे जात तेव्हा मी हटकून त्यांच्याबरोबर जाई, कारण येताना घरी डोकावता येई.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे बोलणे स्वीकारले, तिच्याकडे येतो. नाव सांगणार नाही.

१९९७ सालची ही गोष्ट. आमच्या भागातला पहिल्या पिढीचा चार्टर्ड अकाउंटंट. तो पास झाला तेव्हा चाळीने त्याचा सत्कार केला होता, मीही हार घालायला होतो. विक्रीकराची कामे करायचा. मीच त्याच्या मागे लागून ही पॉलिसी त्याला घ्यायला लावली होती. तीन वर्षे त्याने हप्ते भरले. त्याच्या एका गिऱ्हाइकाचा लालबागला गाळा होता, लेथ मशीनचे काम. तोही आपलाच माणूस. विक्रीकर खात्याने त्याच्यावर मोठी रक्कम काढली, त्यावर अपील करायचे होते. कागद तयार होते. पण ते टेबलावरच राहिले आणि मुदत टळली. उशीर माफ करण्याचा अर्जही फेटाळला गेला. रक्कम भरावी लागली, त्यासाठी गाळेवाल्याने दोन मशिने विकली.

अपील फेटाळले त्या दिवशी पॉलिसी चालू होती. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची नोटीस आली, तेव्हा या गृहस्थाने विचार केला की इतकी वर्षे पैसे भरले, काही उपयोग झाला नाही, यंदा राहू दे. त्यानंतर काही महिन्यांनी गाळेवाल्याच्या वकिलाची नोटीस आली. तो नोटीस घेऊन धावत आमच्या कचेरीत आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिन्ही वर्षांच्या पॉलिसी नीट लावून आणल्या होत्या. चूक झाली तेव्हा मी विमेदार होतो, असे तो म्हणत होता, आणि ते खरे होते.

पण ही पॉलिसी आगीच्या पॉलिसीसारखी चालत नाही. आगीच्या विम्यात आग कधी लागली ते पाहतात. या विम्यात दावा कधी आला ते पाहतात. चूक पॉलिसीत ठरवून दिलेल्या मागच्या तारखेनंतरची हवी, आणि त्या चुकीचा दावाही पॉलिसी चालू असताना यायला हवा. दावा आला त्या दिवशी त्याची पॉलिसी संपलेली होती. दावा नाकारण्याचे पत्र माझ्या टेबलावरून गेले. त्याखाली माझी सही होती.

मी त्याला विचारले, “अपील फेटाळले तेव्हा कंपनीला का नाही कळवले?” तो खाली मान घालून बसला. लाज वाटली, असे म्हणाला. गिऱ्हाईक काही करणार नाही असेही त्याला वाटले होते. मंडळी, पॉलिसीत एक कलम असते. ज्यातून पुढे दावा उद्भवू शकेल अशी घटना घडली आणि ती पॉलिसी चालू असताना लेखी कळवली आणि कंपनीने ती नोंद मान्य केली, तर दावा नंतर आला तरी तो त्याच वर्षातला धरतात. म्हणजे त्या वर्षी त्याने आमच्या कचेरीला एक पानाचे पत्र टाकले असते, तर मला ते दुसरे पत्र लिहावे लागले नसते. त्याच्या वडिलांचे गिरणीचे जे पैसे पोस्टात होते ते काढून त्याने गाळेवाल्याशी तडजोड केली. गाळेवाल्याची मशिने काही परत आली नाहीत. दोघेही एकाच विहाराचे वर्गणीदार होते.

या गोष्टीतून मी वर्षानुवर्षे स्वतःलाही एक प्रश्न विचारला आहे. पॉलिसी त्याच्या गळ्यात मी घातली, पण हे कलम मी त्याला वाचून दाखवले होते का? नव्हते. विकताना आपण मर्यादा किती आणि हप्ता किती एवढेच बोलतो. म्हणून आज बारीक अक्षरातले सांगतो, कंटाळा आला तरी ऐका.

पहिली गोष्ट सातत्याची. पॉलिसी दरवर्षी न चुकता नवी केली तर मागची तारीख कायम राहते, म्हणजे जुन्या कामातल्या चुकाही संरक्षणात राहतात. एक वर्ष खंड पडला आणि पुन्हा सुरुवात केली, तर कंपनी नवी तारीख घालू शकते आणि मागची सगळी कामे उघडी पडतात. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांची. तेव्हा दुकान बंद केले किंवा नोकरी धरली म्हणून लगेच पॉलिसी सोडू नका. पॉलिसी संपल्यावर दावा कळवायला काही ठिकाणी थोडी जादा मुदत देतात, पण ती दिवसांची असते, वर्षांची नसते. आणि हप्ता वेळेवर पोचला पाहिजे. १९३८ च्या विमा कायद्याचे कलम ६४ व्हीबी असे आहे की हप्ता हाती पडल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. चेक परत गेला की पॉलिसीचा कागद नुसता कागद.

दुसरी मर्यादेची. पॉलिसीवर दोन आकडे असतात, एक एका घटनेसाठी आणि एक सबंध वर्षासाठी. वर्षाची मर्यादा दहा लाख आणि एका घटनेची अडीच लाख असेल, तर मोठ्या दाव्याला अडीचच लाख मिळतील. वकिलाचा खर्चही बहुधा त्याच मर्यादेतून जातो. शिवाय प्रत्येक दाव्यातली सुरुवातीची काही रक्कम तुम्ही स्वतः सोसायची असते. हप्ता कमी दिसला म्हणून खूश होण्यापूर्वी हे तिन्ही आकडे बघा.

तिसरी गोष्ट आपल्या स्वभावाच्या आड येणारी आहे. गिऱ्हाईक रागावून आले की आपण चटकन म्हणतो, “चूक माझी आहे, मी भरून देतो.” हे चांगुलपणाचे लक्षण आहे. पण कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली किंवा परस्पर तडजोड केली, तर कंपनी अंग काढून घेऊ शकते. मग काय, खोटे बोलायचे? मुळीच नाही. गिऱ्हाइकाला सांगा की झाले ते मला कळले आहे, मी आजच विमा कंपनीला कळवतो आणि तुम्हाला त्याची प्रत देतो. कागद लपवू नका, फाडू नका, त्यावर मागची तारीख घालू नका. नुकसान काय झाले ते मान्य करणे आणि कायद्याने देणे किती लागते ते मान्य करणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

आणि प्रस्तावपत्र स्वतः भरा. एजंटला कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. मागे कोणी तक्रार केली होती का, असा प्रश्न तिथे असतो. तिथे खरे लिहा. हप्ता थोडा वाढेल. खोटे लिहिले तर दाव्याच्या दिवशी ते बाहेर निघते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे.

आता ही पॉलिसी काय करीत नाही ते. ती दंड भरत नाही, शिक्षा भोगत नाही आणि जाणूनबुजून केलेल्या खोट्याला पाठीशी घालत नाही. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला आणि सात माणसे गेली. काही दिवसांतच त्या पुलाची संरचनात्मक तपासणी करणाऱ्या अभियंत्याला अटक झाली. त्या प्रकरणात दोष कोणाचा हा न्यायालयाचा विषय आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्या आठवड्यात आपल्या ओळखीच्या दोन तरुण अभियंत्यांनी मला फोन करून विचारले, की काका, आमच्या पॉलिसीत असे बसते का? मी म्हटले, नुकसानभरपाईचा दिवाणी दावा बसेल, तुरुंग बसत नाही.

त्यांनी तेवढ्यावर थांबायला नको होते, म्हणून मी थोडे पुढे बोललो आणि आज इथेही बोलतो. मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतींची तपासणी पालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेऊन दाखला द्यावा लागतो. लालबाग, गिरगाव, परळ इथे तीस वर्षांखालची इमारत शोधावी लागेल. काम भरपूर आहे. आणि जिथे काम भरपूर, तिथे जागेवर न जाता सही देण्याची पद्धत पडते. एका सहीचे इतके इतके, असा भाव असतो. कोणी दुसऱ्याच्या परवान्यावर काम करतो, कोणी आपला शिक्का मित्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. अशा सहीला कुठलीही विमा कंपनी उभी राहणार नाही, आणि तिने राहूही नये असे माझे मत आहे. भगवान बुद्धांनी उपासकाला न करण्याचे पाच व्यापार सांगितले, शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. खोट्या दाखल्याचा त्यात उल्लेख नाही. पण सम्यक आजीविका म्हणताना आपण काय म्हणतो, याचा प्रत्येकाने विचार करावा. त्या जुन्या चाळीच्या जिन्याखाली मुले खेळत असतात.

डॉक्टरांसाठीही हेच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात, पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या खटल्यात, होमिओपॅथीची पदवी असून ॲलोपॅथीची औषधे दिल्याबद्दल डॉक्टरला दोषी धरून तीन लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे महाराष्ट्रात कायदा बदलला, जादा अभ्यासक्रम आले. तरी आपली पदवी आणि नोंदणी ज्या कामाची, त्याच कामाला पॉलिसी, हे सूत्र बदललेले नाही. चाळीतला डॉक्टर रात्री दोनला उठून येतो आणि वीस-तीस रुपयांत औषध देतो, याची मला जाणीव आहे. म्हणूनच सांगतो.

नाक्यावरच्या फॉर्म भरणाऱ्यांना वाटत असेल की हे मोठ्या पदवीवाल्यांचे बोलणे आहे. तुमचे काम त्यांच्याहून जोखमीचे आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि केंद्रातही बौद्धांना सवलती मिळू लागल्या. पण दाखल्याचा नमुना राज्याचा वेगळा आणि केंद्राचा वेगळा. मुलीने वर्षभर अभ्यास केला, गुण मिळवले आणि फॉर्म भरताना तुम्ही चुकीचा दाखला जोडला किंवा प्रवर्गाच्या रकान्यात चुकीच्या ठिकाणी टिचकी मारली, तर जागा जाते. पन्नास रुपयांच्या कामात एका घराची पिढी मागे पडू शकते. अशा दुकानाला पॉलिसी द्यायची की नाही आणि कोणत्या अटीवर, हे कंपनी प्रस्ताव पाहून ठरवते. विचारल्याशिवाय कळणार नाही, म्हणून विचारा. तोवर एवढे करा. भरलेला फॉर्म पाठवण्यापूर्वी छापून मुलीच्या हातात द्या, तिला वाचू द्या, तिची सही घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. पॉलिसी मिळाली तरी कंपनी पहिल्यांदा हेच विचारणार आहे.

हप्ता किती, हे आता विचाराल. तो ठरतो तुमच्या व्यवसायावर, वर्षाच्या उत्पन्नावर, तुम्ही मागितलेल्या मर्यादेवर आणि मागच्या दाव्यांवर. फिजिशियनपेक्षा सर्जनला जास्त, सर्जनपेक्षा भूल देणाऱ्याला कमी नाही. दोन-तीन कंपन्यांकडून दर लेखी मागवा. सरकारी चार आहेत, २००० नंतर खासगीही आल्या आहेत. भरलेला हप्ता धंद्याचा खर्च म्हणून हिशेबात धरता येतो.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये विमा हा सरकारचा मक्ता असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला पगाराच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे मांडले होते. १९५६ ला आयुर्विमा आणि १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारी झाला, पण सक्ती आली नाही, आणि आता मक्ताही राहिलेला नाही. म्हणून आपल्यालाच जावे लागते. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाच्या कोलियाचे सुत्त आहे. आम्ही बायकामुलांत राहणारी साधी माणसे, आमच्या या जन्मीच्या सुखाचे काही सांगा, असे तो भगवंतांना विचारतो. भगवंत त्याला उद्योग सांगतात आणि लगेच दुसरी संपदा सांगतात ती आरक्खसंपदा. घाम गाळून मिळवलेले राजाने, चोराने, आगीने, पुराने नेऊ नये, नावडत्या वारसांच्या हाती जाऊ नये, म्हणून राखणे. आपण पहिली संपदा मिळवली आहे. दुसरीकडे अजून नीट पाहिलेले नाही.

कंपनीने दावा नाकारला तर घरी बसू नका. १९९७ च्या त्या माणसाच्या वेळी विमा लोकपाल नव्हता, ती व्यवस्था १९९८ ला झाली. आता आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचे. एकट्याच्या मालकीच्या धंद्याची आणि सूक्ष्म उद्योगाची तक्रारही तिथे घेतात. मर्यादा २०२३ पासून पन्नास लाखांची आहे. फी नाही, वकील लागत नाही. मुंबईचे कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. माझ्या त्या माणसाचा दावा लोकपालाकडेही टिकला नसता असे मला वाटते, कारण तारीख तारीखच असते. पण निदान त्याचे म्हणणे माझ्याखेरीज आणखी कोणीतरी ऐकले असते.

माझे बोलणे लांबले. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. ज्यांच्याकडे अशी पॉलिसी आहे त्यांनी ती येत्या दोन रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात घेऊन यावी. मी दहा ते बारा तिथे बसणार आहे. मागची तारीख कोणती आहे आणि घटना कळवण्याचे कलम कुठल्या पानावर आहे, ते मी प्रत्येकाला पेन्सिलीने खूण करून देईन. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आपल्या कामाचे स्वरूप एका कागदावर लिहून आणावे, प्रस्तावपत्र कसे भरायचे ते समोर बसून पाहू. आणि ज्यांच्या हातून यंदा काही चूक झाली आहे आणि अजून कोणाला सांगितलेले नाही, त्यांनी साडेबारानंतर थांबावे. त्यांचे पत्र आपण त्याच दिवशी लिहू.

जय भीम. नमो बुद्धाय.